दोन महिन्यांत दोन टर्बो गेले: चूक ड्रायव्हरची की माझी?

कळंबोली_४०फुटी (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून लिहितोय. माझ्याकडे दोन ट्रेलर आहेत, दोन्ही चाळीस फुटी कंटेनर ओढतात. न्हावाशेव्याहून माल उचलायचा, भिवंडीच्या गोडाऊनला खाली करायचा आणि रिकामा डबा यार्डात सोडायचा. जायचं अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. पण शीळफाटा आणि मुंब्रा बायपास कसा मिळेल त्यावर तीन तास लागतील की आठ, हे देवच जाणे.

त्यातली एक २०२१ ची बीएस-६ गाडी. दोन लाख दहा हजार चालली आहे. श्रावणात टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) शिट्टी मारायला लागला, पिकअप गेला, निळा धूर. पाइप काढला तर इंटरकूलरमध्ये (टर्बोची हवा थंड करणाऱ्या रेडिएटरमध्ये) तेल. गॅरेजवाल्याने टर्बो बदलला आणि म्हणाला, "शेठ, तुमचा ड्रायव्हर लोड ओढून आला की लगेच चावी बंद करतो. टर्बो गरम असतानाच तेल बंद होतं आणि तो भाजतो." मी ड्रायव्हरला चार शब्द सुनावले. तो सहा वर्षं माझ्याकडे आहे, बीडचा. म्हणाला, "शेठ, मी गाडी बंदच करत नाही, तर गरम बंद कुठून करणार?" मला ते उद्धट वाटलं. खरं सांगतो, टर्बोचे दहा हजार त्याच्या पगारातून हप्त्याने कापायला लागलो.

आता दोन महिन्यांनी नव्या टर्बोचीही तीच शिट्टी. हात घालून पाहिलं, शाफ्ट हलतोय.

हवेचा फिल्टर वेळेवर, तेल कंपनीच्या किलोमीटरप्रमाणे, ग्रेडही पुस्तकातलाच. इंजिनात दुसरी काही तक्रार नाही. तेल तर थेंबभर पीत नाही, उलट गेज (तेल मोजायची कांडी) वरच्या खुणेच्या वरच असतो. मग टर्बोच का खातेय गाडी?

तुर्भे_नाका | सोमवार, रात्री ११:०२

टर्बोला नजर लागली. लिंबू-मिरची रेडिएटरला बांधता ना? टर्बोला बांधा. (गंमत. पण दुसरा टर्बो नवा होता की रिपेअर केलेला? बाजारात आतली पुंगळी बदलून "नवा" म्हणून देणारे पुष्कळ आहेत.)

कसारा_टू_कोपरी | मंगळवार, पहाटे ५:१५

मी ड्रायव्हर आहे, बावीस वर्षं. गाडी थंड करायचं म्हणतात ते बरोबर आहे. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि त्याला धरून ठेवायला बेअरिंगमध्ये फक्त तेलाचा पातळ पडदा असतो. कसारा चढून आलात आणि वर हॉटेलला गाडी लावून लगेच चावी फिरवली, तर तेलाचा पंप थांबतो. शाफ्ट मात्र अजून फिरत असतो आणि एक्झॉस्टच्या बाजूचं पोलाद तापून लाल. थांबलेलं तेल तिथंच जळून कोळसा होतं. म्हणून दोन-तीन मिनिटं गाडी सावकाश चालू ठेवायची. सकाळी सुरू केल्यावरही तसंच, तेलाचं प्रेशर चढेपर्यंत रेस मारायची नाही. सुरू करून लगेच भुर्रभुर्र करणारे लोक बघितले की मला त्यांच्याच कानाखाली आवाज काढावासा वाटतो.

पण शेठ, तुमचा माणूस म्हणतोय की मी बंदच करत नाही. ते जरा नीट ऐका.

माजिवड्याची_लेक | मंगळवार, सकाळी ९:३०

बाबांच्या सहा गाड्या आहेत, हिशेब मी बघते. टर्बोचं मला कळत नाही, डिझेलचं कळतं. गाडी उभी राहून चालू असेल तर तासाला दोन-तीन लिटर जातं. ठाण्यात दिवसा अवजड गाड्यांना वेळा ठरलेल्या, मग सगळ्या माजिवडा-घोडबंदर पट्ट्यावर किंवा खारेगावच्या अलीकडे रात्रीची वाट बघत उभ्या. पाच तास चालू ठेवली तर बारा लिटर. नव्वद रुपये भाव धरला तर हजाराच्या वर, आणि गाडी एक इंचही पुढे नाही. आम्ही ड्रायव्हरांना पंधरा मिनिटांच्या वर उभं राहायचं असेल तर बंद करायला सांगितलंय आणि जे वाचेल त्यातलं निम्मं त्यांना देतो. बाबा आधी चिडले होते, आता गप्प आहेत.

कसारा_टू_कोपरी | मंगळवार, सकाळी ९:४१

ताई, निम्मं मिळतं? जागा आहे का?

हिशेबी | मंगळवार, दुपारी १:१०

घणसोलीत राहतो, मेकॅनिकल झालोय, सध्या काम सॉफ्टवेअरचं. एक मुद्दा. आयडलिंगने, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवल्याने, डिझेल जातं हे ठीक, पण इंजिनावर लोड नसतो, त्यामुळे झीज कमी. टर्बो जाण्याशी त्याचा संबंध नाही. मला तरी तेलाची पाइपलाइन चोक झाल्यासारखी वाटते. टर्बोला तेल देणारी बारीक नळी पहिल्या वेळी बदलली का? जुना कोळसा तिथेच राहिला तर नवा टर्बोही उपाशी मरतो.

बोनेटखाली | मंगळवार, रात्री ८:२०

तुर्भ्याला सव्वीस वर्षं मिस्त्रीकाम. नळीचा मुद्दा बरोबर आहे. टर्बो बदलताना ती नळी नवी टाकलीच पाहिजे आणि इंटरकूलर उतरवून धुतला पाहिजे. पण माझं लक्ष धागाकर्त्याच्या शेवटच्या ओळीवर आहे.

टर्बोतून तेल इंटरकूलरमध्ये जातंय. निळा धूर मारतेय. म्हणजे तेल कमी व्हायलाच हवं. आणि तुम्ही म्हणता गेज वर चढतोय. शेठ, जे बाहेर जातंय त्याच्यापेक्षा जास्त काहीतरी आत येतंय.

आता एवढं करा. गाडी सपाटीला, बंद करून दहा मिनिटं. गेज काढा, पुसा, परत घालून काढा. बोटाला लावून वास घ्या. मग तेल गरम असताना एक थेंब कोऱ्या शोषकागदावर टाका आणि दोन-तीन तास तसाच ठेवा. कागदाचा फोटो टाका. तोपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. गंमत म्हणून सांगत नाहीये.

कळंबोली_४०फुटी | बुधवार, सकाळी ११:५५

मिस्त्री, तुम्ही घाबरवलंत.

गेज: वरच्या खुणेपासून माझं एक बोट वर. मला वाटायचं सर्व्हिसवाल्याने जास्त भरलंय, जास्त असलेलं बरं. तेल पाण्यासारखं बोटावरून ओघळलं. वास म्हणाल तर पंपावर उभा असल्यासारखा.

कागद: मधे काळा डाग, त्याच्या बाहेर करडा, आणि अगदी बाहेर फिकट पिवळसर ओली कड, तुपाचा हात लागल्यासारखी. दुसऱ्या गाडीच्या तेलाचाही थेंब टाकला. त्याला ही कड नाही.

बोनेटखाली | बुधवार, दुपारी २:०५

ती फिकट कड म्हणजे डिझेल. तेलात पाणी गेलं असतं तर गेजवर दुधाळ साय दिसली असती, मग हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर बघितला असता. तुमच्या चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) डिझेल उतरतंय.

डिझेलने तेल पातळ झालं की पडदा धरत नाही. पहिला मार बसतो जिथे वेग सर्वात जास्त तिथे, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगला. पुढचा नंबर क्रँकच्या बेअरिंगचा. तुमच्या गाडीने दोनदा टर्बो देऊन सांगितलं, तिसऱ्यांदा तिने इंजिन उघडायला लावलं असतं.

गाडी काढू नका का म्हटलं, तेही सांगतो. जास्त भरलेलं पातळ तेल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून) नाहीतर टर्बोतून हवेच्या पाइपात जातं. मग इंजिन स्वतःचंच तेल जाळून पळायला लागतं. चावी काढली तरी थांबत नाही.

कसारा_टू_कोपरी | बुधवार, दुपारी ३:३०

हे मी डोळ्यांनी बघितलंय, तळोजा एमआयडीसीत. गाडी उभी, ड्रायव्हर खाली चहाला, आणि रेस आपली आपण चढत चालली. पांढऱ्या धुराने सगळी गल्ली भरली. पोरगं चावी हातात घेऊन रडकुंडीला आलेलं. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने केबिनमध्ये उडी मारली, सर्वात वरचा गिअर टाकला, ब्रेकवर उभा राहिला आणि क्लच सोडला. गाडीने एक हिसका दिला आणि गप्प झाली. क्लच प्लेटची वाट लागली, इंजिन वाचलं. वेळ मिळाला तर हवेचं तोंड फळीने बंद करायचं. हात किंवा फडकं नाही, ते आत ओढलं जातं.

हिशेबी | बुधवार, संध्याकाळी ६:१५

मान्य, मी चुकलो. पण डिझेल येतंय कुठून? नोझल टपकत असेल ना?

बोनेटखाली | बुधवार, रात्री ९:४५

तीन वाटा. एक, इंजेक्टर (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा, नोझल त्याचंच तोंड) टपकतोय. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या पाइपात) हजारच्या वर, कधी दोन हजार बारपर्यंत दाब असतो. पाणी किंवा घाण गेली की नोझलचं तोंड खातं आणि डिझेल फवाऱ्याऐवजी धारेने पडतं. दोन, पंपाचं सील. तीन, आणि मला याचाच जास्त संशय आहे, डीपीएफ.

बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून आलं, तेव्हापासून बहुतेक मोठ्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी, म्हणजेच डीपीएफ, बसली. जाळी भरली की गाडी ती स्वतः जाळते. त्यासाठी आतली उष्णता साडेपाचशे-सहाशे अंशांवर न्यावी लागते. बऱ्याच इंजिनांत त्यासाठी पिस्टन खाली उतरत असताना, उशिरा, जादाचं डिझेल मारतात. ते सिलेंडरमध्ये जळत नाही, बाहेर जाऊन जाळीजवळ जळतं. पण त्यातलं थोडं लायनरच्या (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीच्या) भिंतीवर बसतं आणि रिंगांच्या बाजूने चेंबरमध्ये उतरतं. हायवेला गाडी तासभर सलग पळाली तर काम एका दमात होतं, आणि उतरलेलं थोडंफार डिझेल गरम तेलातून उडूनही जातं. पण काम अर्ध्यात तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा जादाचं डिझेल. पुन्हा तुटलं.

हिशेबी भाऊ, म्हणून आयडलिंगचा संबंध आहे. उभ्या गाडीचा एक्झॉस्ट थंड, काजळी जास्त, जाळी लवकर भरते. लोड नाही म्हणून झीज नाही हे जुन्या पंपाच्या गाडीलाही पूर्ण खरं नव्हतं. थंड सिलेंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, रिंगा काजळीने चिकटतात.

शेठ, स्कॅनर लावून घ्या. किती वेळा जाळणं सुरू झालं आणि किती वेळा अर्धवट राहिलं, बऱ्याच गाड्यांत दिसतं. आणि ड्रायव्हरला विचारा डॅशबोर्डवर तो सायलेन्सरच्या चित्राचा दिवा लागतो तेव्हा तो काय करतो. रागाने नाही, प्रेमाने.

माजिवड्याची_लेक | गुरुवार, सकाळी १०:२०

मिस्त्रीकाका, विषय निघालाच आहे तर: बाबा म्हणतात उतारावर न्यूट्रल काढली की डिझेल वाचतं. आमचा एक ड्रायव्हर गायमुखच्या उताराला आणि कसाऱ्याला तेच करतो. मला भीती वाटते.

बोनेटखाली | गुरुवार, दुपारी १२:००

भीती बरोबर आहे आणि हिशेबही उलटा आहे. गिअरमध्ये रेसवरून पाय काढला की चाकं इंजिन फिरवतात आणि डिझेल पूर्ण तुटतं, शून्य. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. वर सगळं वजन ब्रेकवर. ड्रम तापले की पाय दाबूनही गाडी थांबत नाही. त्या ड्रायव्हरला आजच थांबवा.

दुसऱ्या टोकाचीही चूक असते. खालचा गिअर टाकला आणि गाडी सुटू दिली तर चाकं इंजिनाला लाल पट्ट्यात नेतात. कंप्युटर फक्त डिझेल तोडू शकतो, उतार तोडू शकत नाही. व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाही आणि पिस्टनला भिडतो. जो गिअर चढायला लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, तोही उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, आणि एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाला रोखणारा) लावायचा. एक्झॉस्ट ब्रेक फेरे जास्त असताना चांगला धरतो, पण काटा लाल पट्ट्याच्या खाली.

कसारा_टू_कोपरी | गुरुवार, दुपारी १२:३५

चढाचंही सांगा मिस्त्री. नवीन पोरं ॲव्हरेजसाठी वरच्याच गिअरमध्ये रेटत राहतात. काटा हजाराच्या खाली, गाडी गदगद हलतेय, काळा धूर, आणि हे म्हणतात डिझेल वाचवतोय. वरच्या गिअरमध्ये दाबून ठेवलं तर पिस्टनवर आणि बेअरिंगवर हातोडे बसतात. मीटरवर हिरवा पट्टा दिलाय तो शोभेला नाही. इंजिन दमलं हे कानाला कळतं, कळल्याबरोबर गिअर खाली.

तुर्भे_नाका | गुरुवार, रात्री ८:५०

आमच्या एका गाडीचं इंजिन गेल्या वर्षी उघडलं. लायनरला बाहेरच्या बाजूने सुईने टोचल्यासारखी भोकं. मिस्त्री म्हणाला कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरत होतात. पाण्याने लोखंडाला भोक?

बोनेटखाली | गुरुवार, रात्री १०:१०

हो. पिस्टन आपटतो तसा लायनर थरथरतो आणि त्याच्या बाहेरच्या पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना लोखंडाचा कण उचलतो. कूलंटमधलं औषध लायनरवर एक थर धरतं आणि मार त्या थरावर जातो. साध्या पाण्यात तो थर नाही. वर खाऱ्या पाण्याने रेडिएटरमध्ये खपली धरते, ती वेगळीच. गाडी तापली की थंड पाणी ओतणाऱ्यांवर लिहायला बसलो तर इथेच रात्र संपेल.

कळंबोली_४०फुटी | शनिवार, संध्याकाळी ७:३०

दोन दिवस गॅरेजमध्येच होतो. सविस्तर लिहितो.

स्कॅनरमध्ये निघालं ते असं: जाळणं सुरू झालं त्यात चारपैकी तीन वेळा अर्धवट. सहाही इंजेक्टर टेस्टिंगला पाठवले, पाच ठीक, एक किंचित टपकणारा. पंपाचं सील ठीक. म्हणजे मिस्त्री, तुमचा अंदाज.

मग ड्रायव्हरशी बोललो. चहा घेऊन, प्रेमाने. तो म्हणाला दिवा लागतो तो बहुतेक बंदराच्या रांगेत नाहीतर यार्डाच्या आत. तिथे सायलेन्सर तापवून चालत नाही, शेजारी केमिकलचे टँकर उभे असतात, सिक्युरिटी ओरडते. म्हणून तो बटण दाबून जाळणं रोखतो. बाहेर आल्यावर बायपासला ट्रॅफिक. पुन्हा रांग.

मी विचारलं, रांगेत गाडी बंद का करत नाहीस, निदान काजळी तरी कमी होईल. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "शेठ, बॅटऱ्या मागच्या पावसाळ्यात बदलायला सांगितल्या होत्या. गाडी बंद केली की सेल्फ उचलत नाही. रांगेत बंद पडली तर मागचे मारतील. म्हणून सहा-सहा तास चालूच ठेवतो."

सांगितलं होतं त्याने. मला आठवतंय. मी म्हणालो होतो, दिवाळीनंतर बघू. तो "बंदच करत नाही" म्हणाला ते उद्धटपणाने नव्हतं.

माजिवड्याची_लेक | शनिवार, रात्री ८:१५

कापलेले पैसे परत दिलेत ना?

कळंबोली_४०फुटी | शनिवार, रात्री ८:२२

दिले ताई. आज सकाळीच.

बोनेटखाली | शनिवार, रात्री ९:००

आता क्रम चुकवू नका. तेल आणि फिल्टर आधी. मग चेंबर उतरवून एक-दोन बेअरिंग बघा, तांबडं दिसायला लागलं असेल तर सगळा सेट बदला. मग नवा टर्बो, नव्या नळीसह. टपकणारा इंजेक्टर बदलाच. डीपीएफ गॅरेजमध्ये मशिनवर पूर्ण जाळून घ्या. नाहीतर तिसरा टर्बोही त्याच तेलात बुडवाल.

तेल यापुढे किलोमीटरवर बदलू नका. तुमची गाडी चालते कमी, धडधडते जास्त. तासांचं मीटर बघा. आम्ही अशा गाडीला उभं राहिलेला एक तास चाळीस किलोमीटर धरतो. आणि बीएस-६ ला कमी राखेचंच तेल. जुन्या गाडीचं उरलेलं तेल यात ओतलं तर त्याची राख जाळीत बसते आणि ती जाळूनही जात नाही.

आठवड्यातून एक फेरी तरी गाडीला मोकळ्या रस्त्याला सोडा. रात्री पळस्प्यापासून एक्स्प्रेसवेला लोड घेऊन पाऊण तास, हिरव्या पट्ट्यात, मधे न थांबता. दिवा लागलाय आणि रस्ता मोकळा आहे, तेव्हा ते बटण दाबायचं नाही.

हिशेबी | शनिवार, रात्री ९:३५

बॅटऱ्यांचा खर्च किती आला?

कळंबोली_४०फुटी | शनिवार, रात्री ९:५०

चोवीस व्होल्टची गाडी, दोन बॅटऱ्या. आकडा इथे लिहायला लाज वाटते.

कळंबोली_४०फुटी | पाच आठवड्यांनी, रविवार, सकाळी ७:४०

धागा वर काढतोय. दोन बेअरिंगांचा मुलामा गेला होता, सेट बदलला. क्रँक वाचला. बाकी मिस्त्रींनी सांगितलं त्याच क्रमाने. ड्रायव्हर दर बुधवारी रात्री लोड घेऊन खालापूर टोलनाक्यापर्यंत जाऊन येतो, तो डिझेलचा खर्च मी वेगळा लिहितो. रांगेत गाडी बंद असते. पहिल्या आठवड्यात त्याला झोप लागली आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून उठवलं, तेवढी एकच तक्रार आहे.

गेज रोज सकाळी तोच काढतो आणि फोटो पाठवतो. आजचाही आलाय. तेल दोन खुणांच्या मधोमध, मागचे बत्तीस दिवस जिथे होतं तिथेच.